दापोडीची बाग आणि परसातले नवे झाड

पावसाळ्याच्या तोंडावर घरच्या बागेसाठी नवे झाड आणायला निघालेला माणूस रोपवाटिकेत बहुधा तीन गोष्टी विचारतो: फुलाचा रंग कोणता, ऊन किती लागते आणि किंमत काय. हे झाड आले कोठून, आणि त्याच्या आधी असेच नवलाईने आणलेल्या झाडांचे पुढे काय झाले, हा चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आम्हीही कित्येक वर्षे विचारला नव्हता. नवलाईचा मोह आम्हाला आहे, आणि तो सुटावा अशी आमची इच्छाही नाही. पण या मोहाला इतिहास आहे, आणि त्याच्या बऱ्यावाईट परिणामांची साक्ष आपल्या परसात, डोंगरावर व नदीत आजही मिळते. पुण्याजवळच्या एका विस्मृत बागेच्या निमित्ताने ती साक्ष तपासावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभी एक खुलासा. येथे विचार करायचा आहे तो बहुवर्षायू झाडांचा. तेरडा किंवा झेंडू एका हंगामात उगवतो, फुलतो, बी धरतो आणि संपतो. त्यांची निवड चुकली तर चूक एका हंगामाची. कंद, गड्डे, मुनवे किंवा चिवट खोड यांच्या बळावर वर्षानुवर्षे टिकणाऱ्या झाडांची गोष्ट निराळी. ती लावणाऱ्याच्या पश्चातही राहतात, शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडे जातात, लेकी-सुनांबरोबर गावोगाव पोचतात. म्हणून त्यांची निवड हा केवळ आवडीनिवडीचा विषय उरत नाही.

बहुवर्षायू, पण कोठे?

बागकामावरील इंग्रजी पुस्तके वाचणाऱ्या मराठी माणसाची पहिली फसगत या शब्दापाशीच होते. त्या पुस्तकांतील बहुवर्षायू झाडांच्या यादीत पिओनी, ल्युपिन, डेल्फिनियम अशी मोहक नावे असतात. पिओनीला फुलण्यापूर्वी कडक थंडीची दीर्घ विश्रांती हवी असते. ती पुण्याच्या हिवाळ्यात मिळत नाही. ल्युपिन, डेल्फिनियम येथे फार तर थंडीच्या हंगामापुरते पाहुणे. म्हणजे तिकडे दहा वर्षे जगणारे झाड इकडे चार महिन्यांचे सोबती ठरते. बहुवर्षायूपण हा नुसत्या झाडाचा गुणधर्म नसून झाड आणि हवामान यांच्यातील कराराचे ते नाव आहे.

दख्खनच्या पठाराचा करार वेगळा आहे. इंग्लंडात झाड हिवाळ्यात झोपते, कारण थंडी असते. आपल्याकडे ते पावसाळा सरल्यावर, कार्तिकानंतर कधीतरी झोपते आणि ज्येष्ठाच्या अखेरीस जागे होते, कारण मधल्या काळात पाणी नसते. सह्याद्रीच्या कातळावरील शेकडो वनस्पती वर्षाचे सात-आठ महिने केवळ कंदरूपाने जमिनीखाली असतात. उन्हाळ्यात त्या पठारावरून चालणाऱ्याला पायाखाली एवढी वस्ती झोपली आहे याची कल्पनाही येत नाही.

ही लय जगात आणखी कोठे आहे? मध्य मेक्सिकोच्या पठारावर आहे. तेथेही पाऊस उन्हाळ्यात सुरू होतो आणि शरदात थांबतो, हिवाळा कोरडा जातो. आपल्या परसातील जुन्या परदेशी झाडांची नावे पाहिली की या साम्याचे महत्त्व ध्यानी येते.

जे आपले वाटतात

निशिगंध घ्या. देवाच्या हारात, मांडवात, वेणीत त्याचे स्थान इतके पक्के आहे की तो या मातीतला नाही हे सांगितल्यास लोक रागावतात. पण तो मेक्सिकोचा. तेथील नाहुआ लोक त्याला 'ओमिशोचित्ल', म्हणजे हाडाचे फूल, म्हणत. पाकळ्यांच्या शुभ्रतेवरून ते नाव पडले असावे. डेलिया मेक्सिकोचाच. तो 1789 साली माद्रिदच्या राजोद्यानात पोचला आणि 1791 साली कावानियेस या स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने आंद्रेआस डाल या स्वीडिश अभ्यासकाच्या नावावरून त्याचे नामकरण केले. गुलबक्षी आणि कर्दळ अमेरिका खंडातल्या. देवळाच्या आवारात हमखास दिसणारा पांढरा चाफाही अमेरिकेचाच. दसऱ्याचा झेंडू वर्षायू असल्याने आपल्या विषयात बसत नाही, पण तोही त्याच वाटेने आलेला आहे.

सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीजांचा अंमल बसल्यावर अमेरिकेतील वनस्पतींना हिंदुस्थानची वाट खुली झाली. त्या काळी जिवंत झाड जहाजातून आणणे अतिशय कठीण होते. खारा वारा, गोड्या पाण्याची टंचाई आणि महिनोन्‌महिने चालणारा प्रवास यांत पानोऱ्याचे झाड क्वचितच तगे. कंद, गड्डा, टणक बी किंवा चाफ्याची वाळूनही न मरणारी फांदी यांना मात्र हा प्रवास म्हणजे नेहमीचीच झोप. त्यामुळे पहिल्या लाटेत जी झाडे आली, त्यांत कोरड्या ऋतूत झोपण्याची सवय असलेल्यांना आपोआप प्राधान्य मिळाले. प्रवासाने त्यांची निवड केली आणि दख्खनच्या हवामानाने त्या निवडीला मान्यता दिली. आजीच्या परसात निशिगंध, गुलबक्षी व कर्दळ कोणी फारसे न जपताही टिकले, याचे श्रेय नुसत्या मायेला देता येणार नाही.

ही झाडे किती लवकर मुरली हे त्यांच्या नावांवरून कळते. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने सिद्ध केलेला 'हॉर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तिघा कोंकणी ब्राह्मणांनी त्याच्या सिद्धतेस साहाय्य केले होते, आणि त्यांचे नागरी लिपीतील प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. मलबारच्या वनस्पतींचा म्हणून रचलेल्या या ग्रंथात गुलबक्षीही येते, तीही 'अंदिमलरी', म्हणजे सांजेचे फूल, अशा मल्याळी नावाने. कोलंबसाच्या सफरीला दोनशे वर्षे होण्याआधीच अमेरिकेचे झाड मलबारचे झाले होते. मराठीत तर गुलबक्षी हे एका रंगाचेच नाव होऊन बसले. पांढऱ्या चाफ्याला आपण सोनचाफ्याचे आडनाव दिले, वास्तविक दोघांचे काहीच नाते नाही. मादागास्करच्या झुडपाला 'सदाफुली' म्हटले. भाषेने एकदा नाव ठेवले की झाडाचे बारसे झाले. मग जन्मदाखला कोणी मागत नाही.

सदाफुलीचा आणखी एक विशेष सांगायला हवा. शोभेसाठी जगभर पसरलेल्या या झाडात विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही द्रव्ये 1950 नंतरच्या काळात सापडली आणि रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत त्यांना मोलाचे स्थान मिळाले. नवे झाड आणणाऱ्याला ते पुढे काय देणार याचा पत्ता नसतो, याचे हे सुखद उदाहरण. त्याची दुसरी बाजू पुढे येईलच.

दापोडीची बाग

ही पहिली लाट अजाणता आली. एकोणिसाव्या शतकात मात्र नवी झाडे आणण्याचे काम सरकारी खात्याप्रमाणे चालू लागले. आपल्या भागात त्याचे केंद्र होते दापोडी.

मुळा आणि पवना यांच्या संगमानजीक पेशवाईच्या अखेरच्या काळात कॅप्टन फोर्डचा बंगला होता. हाच फोर्ड 1817 साली खडकीच्या लढाईत आपली पलटण घेऊन इंग्रजांच्या बाजूने उतरला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने 1828 साली ही जागा सरकारसाठी घेतली. तेथे गव्हर्नरचा मुक्काम होऊ लागला आणि शेजारी वनस्पती उद्यान उभे राहिले. इंग्रजी कागदपत्रांत तिचे नाव 'दापुरी' असे येते.

1830च्या दशकाच्या अखेरीस हे उद्यान अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरच्या हाती आले. गिब्सन कंपनीच्या वैद्यकीय सेवेतला. बागेतून औषधी वनस्पतींचे अर्क लष्करी रुग्णालयांना पुरवावेत, बाहेरील उपयुक्त पिके व झाडे येथे रुजतात का ते पाहावे आणि रुजली तर त्यांची रोपे-बिया वाटाव्यात, असे तिचे स्वरूप होते. शोभेची झाडेही याच ओघात आली. जुन्नरजवळ हिवरे येथे त्याने आणखी एक बाग चालवली. 1847 साली तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला आणि जंगलतोडीमुळे पाण्यावर होणाऱ्या परिणामांविषयी सरकारला बजावत राहिला. बाहेरची झाडे आणणारा आणि इथली जंगले राखू पाहणारा माणूस एकच होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याच्या दृष्टीने या दोन कामांत विरोध नव्हता.

याच सुमारास झाडांच्या प्रवासाचे तंत्रही बदलले. नॅथॅनिएल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरला 1829च्या सुमारास असे आढळले की, बंद काचेच्या भांड्यात ओली माती असेल तर आतले झाड बाहेरच्या पाण्यावाचून दीर्घकाळ जगते. पानांतून निघालेली वाफ काचेवर जमून पुन्हा मातीत उतरते. 1833 साली अशा काचपेट्यांतून रोपे लंडनहून सिडनीला सुखरूप पोचली. ज्यांना झोपेची कला अवगत नव्हती अशी नाजूक, सदाहरित झाडेही आता समुद्र ओलांडू लागली. पूर्वी प्रवासच जी चाळणी लावत असे ती चाळणी या पेटीने काढून टाकली. निवडीचा भार यापुढे माणसावर आला.

1847 ते 1850 या काळात गिब्सनने दापोडीच्या बागेतील वनस्पतींची चित्रे काढून घेतली. देशी झाडे आणि परदेशी पाहुणे दोन्ही त्यांत आहेत. दीडशेहून अधिक संख्येची ही चित्रे आज एडिंबरोच्या राजकीय वनस्पती उद्यानात आहेत, आणि हेन्री नोल्टी यांनी 2002 साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केल्यामुळे ती अभ्यासकांपुढे आली. चित्रकार इंडो-पोर्तुगीज होता एवढेच कळते. त्याचे नाव कोणी नोंदवून ठेवले नाही. झाडांची लॅटिन नावे तेवढी काळजीपूर्वक लिहिली गेली.

निकोल डॅल्झेल आणि गिब्सन यांचा 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ 1861 साली निघाला. इलाख्यातील देशी वनस्पतींची वर्णने मुख्य ग्रंथात, आणि बाहेरून आणलेल्या व रुळलेल्या वनस्पतींची वेगळी पुरवणी शेवटी, अशी त्याची रचना आहे. देशी एकीकडे, पाहुणे दुसरीकडे. आम्हाला ही पुरवणी मुख्य ग्रंथाइतकीच महत्त्वाची वाटते, कारण आपल्या बागांचा इतिहास तिच्यात आहे. दापोडीची बाग 1865 साली बंद झाली, गव्हर्नरचे निवासस्थान गणेशखिंडीत गेले आणि 1873 साली तेथे नवे वनस्पती उद्यान सुरू झाले. पुरवणी मात्र वाढतच राहिली.

पाहुणे आणि घरजावई

आज दापोडीला जाणाऱ्याने हॅरिस पुलावर थांबून खाली पाहावे. उन्हाळ्यात अनेकदा मुळेचे पाणी दिसतच नाही. दिसते ते हिरवेगार, मांसल पानांचे कुरण, आणि त्यावर जांभळ्या फुलांचे सुंदर तुरे. ही जलपर्णी. दक्षिण अमेरिकेतील ही पाणवनस्पती बहुवर्षायू आहे, आणि ती जगभर पसरली तिच्या फुलांच्या देखणेपणामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालात आली. पुढच्या चाळीसेक वर्षांत तिने तेथील खाड्या, तळी आणि भातखाचरे इतकी व्यापली की 1936 साली तिच्या निर्मूलनासाठी कायदा करावा लागला. कोणे एके काळी नवी झाडे जोखण्यासाठी जेथे बाग उभारली होती, तिच्याच शेजारची नदी एका शोभेच्या झाडाने गुदमरावी, हा योगायोग असला तरी बोलका आहे. अर्थात जलपर्णीला पोसणारे सांडपाणी आपलेच आहे. सगळा दोष झाडाच्या माथी मारता येणार नाही.

घाणेरीची कथा याहून जुनी. अमेरिका खंडातील या झुडपाचे युरोपातील बागाईतदारांनी संकर करकरून अनेक रंगांचे प्रकार तयार केले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ते कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आले. कुंपणाला उत्तम, बारमाही फुलणारे, गुरे तोंड लावत नाहीत, पाणी घालायला नको: आजही एखाद्या रोपवाटिकेत या शब्दांत कोणत्याही झाडाची शिफारस व्हावी. नेमक्या याच गुणांनी घात केला. काळी फळे पक्षी खातात आणि बी रानभर टाकतात. तोडले तरी बुंधा फुटतो. गुरे-हरणे खात नसल्याने आजूबाजूचे गवत संपते आणि हे उरते. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने भारतातील दीड लाख चौरस किलोमीटरहून अधिक वनक्षेत्र घाणेरीने बाधित असल्याचे दाखवले. निशिगंधाला गंधाचे नाव देणाऱ्या भाषेने हिलाही वासावरूनच नाव दिले, पण कोणत्या भावनेने ते सांगायला नको.

हा अनुभव एकट्या आपलाच नाही. जपानहून सीबोल्टने हॉलंडात आणलेल्या एका बांबूसारख्या दिसणाऱ्या बहुवर्षायू झाडाला 1847 साली उट्रेख्ट येथील बागाईत संस्थेने वर्षातील सर्वांत लक्षवेधी नवी शोभिवंत वनस्पती म्हणून सुवर्णपदक दिले. 1850 साली ते क्यूच्या उद्यानात पोचले. आज ब्रिटनमध्ये 'जपानी नॉटवीड' म्हणून ते ओळखले जाते. त्याच्या मुळाचा बोटभर तुकडाही पुन्हा फुटतो, आणि ते मोकळ्या रानात लावणे 1981च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे. गिब्सन दापोडीत चित्रे काढून घेऊ लागला, त्याच वर्षीचे ते सुवर्णपदक.

येथे कोणी म्हणेल की परदेशी झाडे नकोतच, देशी तेवढी लावावीत. हा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. तो मानायचा तर निशिगंध, गुलबक्षी, सदाफुली, चाफा आणि दसऱ्याचा झेंडू यांनाही दार दाखवावे लागेल. शिवाय परकेपणा हा झाडाचा अंगचा दुर्गुण नव्हे. पूर्व हिमालयाच्या बाजूचा आपला सोनटक्का पाहा. श्रावणातल्या संध्याकाळी त्याच्या सुगंधाने अंगण भरते. पण हवाई बेटांत आणि ब्राझीलमध्ये ओढ्याकाठची जमीन व्यापून टाकणारा उपद्रवी म्हणून तो कुप्रसिद्ध आहे. गौरीच्या पूजेची कळलावी ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर तण झाली आहे. तेथील लोकांनी आपल्या सोनटक्क्याला कोणते नाव ठेवले असेल कोणास ठाऊक! तेव्हा पाहायचे ते झाडाचे कूळ नव्हे, वर्तन. निशिगंध माणसाने गड्डा लावल्याशिवाय कुंपणाबाहेर जात नाही. घाणेरीला बुलबुल नेतो आणि जलपर्णीला प्रवाह. फरक एवढाच, पण त्यानेच सर्व काही ठरते.

शिवनेरीच्या कड्यावरचे नवल

नवे आणि अनोखे झाड हवे असणाऱ्याने सदैव समुद्रापलीकडेच पाहावे का? या प्रश्नाला दापोडीच्याच काळातील एक झाड उत्तर देते.

शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा काही मोजक्या गडांच्या व डोंगरांच्या कड्यांवर, कातळाच्या फटींत, एक जाड, रसाळ दांड्यांची वनस्पती उगवते. उन्हाळ्यात नुसत्या पर्णहीन कांड्या. पाऊस आला की त्यांवर हिरवी पाने, आणि मग पंचकोनी ताऱ्यासारखी, गर्द तांबडी, पिवळ्या नक्षीची, कडेला लव असलेली फुले. स्थानिक नाव शिंदळमाकुडी. 'बॉम्बे फ्लोरा'च्या दोघा कर्त्यांपैकी डॅल्झेलने 1860च्या दशकाच्या मध्यास तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रियर याच्या सन्मानार्थ तिला 'फ्रेरिया इंडिका' असे नाव दिले. पुढे तिची गणना सेरोपेजिया या, म्हणजे कंदीलपुष्पांच्या, प्रजातीत होऊ लागली. सर्व जगात ती फक्त महाराष्ट्रातच निसर्गतः आढळते. 1980च्या दशकात जगातील अत्यंत संकटग्रस्त बारा वनस्पतींच्या यादीत तिचे नाव आले होते.

आश्चर्य असे की ही कड्यावरची दुर्मीळ रहिवासी युरोप-अमेरिकेतील रसाळ वनस्पतींच्या हौशी संग्राहकांकडे अनेक दशके कुंडीत सुखाने नांदते आहे. छाट्यापासून ती सहज येते. परदेशी खिडकीत जिचे कौतुक होते, ती पुण्या-साताऱ्याच्या घरांना अनोळखी आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिच्यासह अनेक कंदीलपुष्पांची लागवड व संवर्धन केले आहे, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

असेच दुसरे झाड चवर. हळदीच्या जातकुळीतले हे झाड महाबळेश्वर-कास परिसरात पावसाळ्यात हिरव्या-पांढऱ्या छदांचे उभे तुरे घेऊन येते आणि थंडीच्या आरंभी जमिनीखाली जाते. त्याच्या कंदांपासून पूर्वी आरारूटसारखे सत्त्व काढीत. त्याचे शास्त्रीय नामकरण जॉन ग्रॅहम याने केले. हा गृहस्थ मुंबईच्या टपाल खात्यात अधिकारी होता. मुंबई परिसरातील वनस्पतींची सूची रचता रचता 1839 साली तो वारला, आणि पुस्तक मित्रांनी पुरे केले. टपाल खात्यातल्या माणसाने हौसेने ओळखलेले झाड त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांत आपल्या परसात पोचू नये, ही आपल्या नवलाईच्या कल्पनेवरची टीकाच म्हणायची.

मात्र येथे एक धोका आहे, आणि तो दापोडीच्या काळापेक्षा आज मोठा आहे. पाहुणा आणताना भीती असते तो पसरण्याची. दुर्मीळ देशी झाड आणताना भीती असते ते मुळासकट नाहीसे करण्याची. शिवनेरीच्या कड्यावरून किंवा कासच्या पठारावरून उपटून आणलेले झाड हे बागेचे भूषण नव्हे, चोरीचा माल होय. बहुतेक वेळा ते घरी जगतही नाही. बियांपासून किंवा बागेतल्याच झाडाच्या छाट्यांपासून केलेली रोपे मिळत असतील तरच ती घ्यावीत; नाहीतर पावसाळ्यात डोंगरावर जाऊन पाहून यावे. जे झाड पाहायला आपल्यालाच जावे लागते, असेही एखादे असावे.

चौथा प्रश्न

या साऱ्या इतिहासातून घरच्या बागेपुरते काय घ्यावे? आम्ही आमच्यासाठी काही प्रश्न ठरवले आहेत. पहिला झोपेचा: या झाडाची विश्रांती आपल्या ऋतूंशी जुळते का? जुळत असेल तर ते निशिगंधासारखे आपसूक राहील. नाहीतर दर वर्षी नवे रोप आणि बादल्यांनी पाणी. दुसरा पसरण्याचा: फळे पक्षी खातात का, तुटक्या मुळापासून ते फुटते का, ओढ्या-नाल्यात पडल्यास तरंगत जाते का? या तिन्हींना होकार असेल, तर फूल कितीही देखणे असो, ते कुंपणाच्या आत राहणार नाही. तिसरा सुटकेचा: उद्या नको झाले तर ते काढता येईल का? निशिगंधाचे गड्डे एका सकाळी खणून काढता येतात. घाणेरीपुढे वनखाते थकले आहे. आणि शेवटचा, हातातले हे रोप कोणी कोठे वाढवले. रोपवाटिकेत याचे उत्तर 'डोंगरातून आणलंय' असे अभिमानाने मिळाले तर पिशवी परत ठेवावी.

घरात लहान मुले असल्यास एक साधा प्रश्न अधिक: विषारी आहे का? कळलावीच्या गड्ड्यात कोल्चिसिन हे जहाल विष असते. तिचे अग्निज्वालेसारखे फूल वेलीवर खुशाल पाहावे, गड्डा मात्र मुलांच्या हाती लागू देऊ नये.

गिब्सन आणि त्याच्या पिढीला हे प्रश्न विचारणे फारसे शक्य नव्हते. झाड पन्नास-शंभर वर्षांनी कसे वागेल हे कळायला पन्नास-शंभर वर्षे जावी लागतात. त्यांच्याकडे उत्साह होता, अनुभव नव्हता. आपल्याकडे त्यांचा अनुभव आयता आहे. निशिगंधाचाही आणि घाणेरीचाही. तो असताना नुसत्या रंगावर भाळून झाड निवडणे क्षम्य म्हणता येणार नाही.

'बॉम्बे फ्लोरा'ची ती पुरवणी अजून पुरी झालेली नाही. दर जूनमध्ये रोपवाटिकेतून नवे रोप घेऊन बाहेर पडणारा प्रत्येक जण तिच्यात एका ओळीची भर घालत असतो. त्यातल्या काही ओळी कालांतराने मुख्य ग्रंथात शोभतील, काही पुढच्या पिढ्यांना खोडाव्या लागतील. यंदा आमच्या परसात दोन जागा मोकळ्या आहेत. एका जागी अबोली लावली आहे. ती दक्षिण भारताची, आणि गेल्या पावसाळ्यापासून मुकाट्याने फुलते आहे. दुसरी जागा शिंदळमाकुडीच्या बागेत वाढवलेल्या छाट्यासाठी राखून ठेवली आहे. तो रीतसर मिळेपर्यंत ती कुंडी रिकामी राहिली तरी चालेल.